आम्ही फक्त साक्षच द्यायची काय?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला कायदा फार थोडी जागा देतो. काय पाहिले, काय ऐकले, अंगावर काय बेतले एवढेच त्याने सांगायचे. 'मला असे वाटते' असे तो म्हणाला रे म्हणाला की समोरचा वकील हरकत घेतो. मत देणे तज्ज्ञाचे काम, निष्कर्ष काढणे न्यायाधीशाचे काम. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, तरी ही वाटणी तशीच आहे. न्यायालयात ती असावी, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे साहित्याबद्दल आहे. मराठी साहित्याच्या दरबारात आम्हाला गेली पन्नास वर्षे याच पिंजऱ्यात उभे करून ठेवले आहे.

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. या पुस्तकांनी मराठी वाङ्मयाची झोप उडवली, हे कोणीही नाकारू शकत नाही. स्थलांतर, भाषा आणि ओळख हे जे विषय आज जगभरच्या विद्यापीठांत चर्चासत्रांचे मथळे झाले आहेत, ते गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजाच्या कहाणीत आधीच आलेले होते. प्रस्थापितांनी टाळ्या वाजवल्या, पुरस्कार दिले आणि पुढचा जबाब मागितला. आणखी एक आत्मकथन द्या, आणखी एक जखम दाखवा. तुमच्या मनातले गाव कसे असेल, शंभर वर्षांनंतर तुमची नातवंडे कोणत्या भाषेत भांडतील, जात नसलेल्या शहरात पाण्याचा नळ कोठे असेल, हे कोणी विचारले काय? कोणीही विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते फारसे सांगितले नाही.

जगात इतरत्र मात्र आमच्यासारख्याच उखडल्या गेलेल्या माणसांनी हा पिंजरा सोडला आहे. इंग्रजीत या लेखनाला 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' असे भारदस्त नाव आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा, उद्याच्या जगाच्या कादंबऱ्या हे सगळे त्यात येते. सोप्या शब्दांत सांगायचे तर 'असे झाले तर?' या प्रश्नावर उभी राहिलेली कथा. हा प्रांत दीर्घकाळ गोऱ्या पुरुषांच्या वहिवाटीचा होता. यान त्यांचे, ग्रहही त्यांनीच जिंकायचे, आणि परग्रहावरचा रानटी मात्र आमच्यासारखा दिसायचा! गेल्या पंचवीस वर्षांत या वहिवाटीला मोठे आव्हान मिळाले. आव्हान देणारे बहुतेक लेखक एका देशात जन्मलेले, दुसऱ्या देशात वाढलेले, घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोललेले आहेत. त्यांची पुस्तके आमच्या कार्यकर्त्यांनी का वाचावीत, ते येथे सांगायचे आहे.

केन लियू हे आमच्याच व्यवसायातले गृहस्थ. १९७६ साली चीनमधील लानचौ येथे जन्म, अकराव्या वर्षी अमेरिकेत स्थलांतर, पुढे हार्वर्डमधून कायद्याचे शिक्षण आणि काही वर्षे वकिली. २०११ साली त्यांची 'द पेपर मेनॅजरी' ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे या क्षेत्रातील तिन्ही मोठे पुरस्कार मिळवणारी ती पहिली कथा ठरली. कथा एवढीच की एका अमेरिकन माणसाने छापील यादीतला फोटो पाहून चीनची बायको आणली. तिला इंग्रजी येत नाही. मुलासाठी ती भेटवस्तूंच्या रंगीत कागदाचे प्राणी बनवते, त्यांत फुंकर घालते आणि ते जिवंत होतात. कागदाचा वाघ घरभर धावतो. मुलगा मोठा होतो, शेजारची पोरे चिडवतात, तेव्हा तो आईला बजावतो की माझ्याशी इंग्रजीतच बोल. आई प्रयत्न करते, शब्द तोंडात अडखळतात, हळूहळू ती बोलायचीच थांबते. प्राणी खोक्यात जाऊन पडतात. आई मरते. काही काळाने तो कागदी वाघ उलगडतो आणि आत आईच्या हस्ताक्षरातले चिनी पत्र निघते. मुलाला ते वाचता येत नाही. स्वतःच्या आईचे पत्र घेऊन तो रस्त्यावर चिनी पर्यटकांना शोधत फिरतो आणि एका परक्या बाईकडून ते वाचून घेतो. त्या पत्रात आईचे सारे आयुष्य आहे: दुष्काळ, पोरकेपण, माणसे विकणाऱ्यांच्या हाती सापडणे, मोलकरणीचे जिणे.

वाचकांनी ही कथा आपल्या घरात आणून पाहावी. आमचा इंग्रजीला विरोध नाही. सावित्रीमाईंनी इंग्रजीला माऊली म्हटले, बाबासाहेबांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. इंग्रजी नसती तर आमच्यापैकी कितीजण आज काळा कोट घालून उभे असते? पण जात्यावर ओव्या म्हणणारी आजी आणि इंग्रजी शाळेतला नातू यांच्यामध्ये तोच कागदी वाघ पडलेला आहे. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमरायावरच्या ओव्या आहेत, आणि त्या रचणाऱ्या कित्येक बायांना अक्षरओळख नव्हती. उद्या त्या ओव्यांतला एखादा शब्द समजावून घ्यायला आमच्या नातवंडांना विद्यापीठातल्या संशोधकाकडे जावे लागेल. आमच्या एखाद्या लेखकाने ही कथा लिहिली असती तर बहुधा 'आई आणि मी' असा अनुभव लिहिला असता. लियू यांनी त्यात एक जिवंत वाघ घातला. त्यामुळे आईचे दुःख केवळ एका आईचे राहिले नाही.

लियू यांच्यापेक्षा अधिक राजकीय लेखन रिबेका कुआंग यांचे आहे. १९९६ साली ग्वांगझू येथे जन्म आणि चार वर्षांच्या असताना अमेरिकेत. त्यांची 'बॅबेल' ही कादंबरी २०२२ साली आली आणि तिला नेब्युला पुरस्कार मिळाला. काळ १८३० च्या दशकाचा, स्थळ ऑक्सफर्ड. इतिहासात एकच बदल केला आहे. ब्रिटिश साम्राज्य येथे चांदीच्या लगडींवर चालते. लगडीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला त्याच अर्थाचा शब्द. दोन्ही शब्द कधीच तंतोतंत सारखे नसतात. भाषांतरात जो अर्थ गळून पडतो तो त्या चांदीतून शक्ती होऊन बाहेर येतो. त्यावर जहाजे वेगाने चालतात, गिरण्या चालतात, श्रीमंतांचे आजार बरे होतात. मात्र युरोपातल्या भाषांचा साठा आता झिजत आला आहे. म्हणून साम्राज्याला चिनी हवी, अरबी हवी, संस्कृत हवी, आणि त्या भाषा ज्यांच्या जिभेवर आहेत ती पोरे हवीत.

रॉबिन स्विफ्ट हे त्या कादंबरीतल्या मुलाचे खरे नाव नव्हे. कँटनमध्ये पटकीच्या साथीत त्याची आई मरते. इंग्रज प्राध्यापक येतो, चांदीची लगड त्याच्या छातीवर ठेवून त्याला वाचवतो. तो प्राध्यापक त्याचा जन्मदाता बापच असतो. आईसाठी मात्र त्याला वेळेवर येणे जमत नाही, कारण आईची भाषा मुलाच्या जिभेवर उतरलेली असते आणि आता आईची गरज उरलेली नसते! मग त्याला सांगितले जाते की इंग्रजांना उच्चारता येईल असे नाव निवड. संपूर्ण कादंबरीत त्याचे चिनी नाव वाचकाला कळत नाही. नाव बदलून जगणे काय असते हे आम्हाला कोणी सांगायला नको. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले आणि ओळख उघडी पडताच लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव दारात आला. ज्या लेखनात त्यांनी ही हकिकत सांगितली त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. स्वतःच्या देशात राहणाऱ्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो, हे त्या एका नावात आले.

तर भाषांतरात जे गळते त्याचा फायदा कोणाला, हा कुआंग यांचा प्रश्न आहे. कादंबरीत ते चांदीचे खेळ वाटतील. आम्ही ते रोज न्यायालयात पाहतो. गावातल्या बाईला चावडीसमोर, लोकांच्या देखत जातीवरून शिवी दिली जाते. ती ठाण्यात जाऊन ते शब्द जसेच्या तसे सांगते. फिर्यादीत लिहिले जाते, 'जातिवाचक शिवीगाळ केली'. तेवढेच. पुढे खटला उभा राहिला की बचाव पक्ष विचारतो, नेमके शब्द कोणते? फिर्यादीत ते का नाहीत? आता सांगता म्हणजे मागाहून सुचले! बाई पारधी असेल तर तिची बोली पोलिसाला कळत नाही, पोलिसांची मराठी तिला कळत नाही. प्रकरण वर गेले की उच्च न्यायालयात इंग्रजी, कारण घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे तेथील कामकाज इंग्रजीतच चालते. साक्षीदाराच्या भाषेत जबाब नोंदवणे शक्य नसेल तर न्यायालयाच्या भाषेत खरे भाषांतर करून घ्यावे, अशी तरतूद आहे. कागदावर आहे. एका शिवीचा प्रवास तीन भाषांतून होतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा अपमान गळून पडतो. जे गळते त्याच्यावर आरोपी सुटतो. कुआंग यांच्या चांदीची ताकद आम्हाला कळली ती अशी.

ज्या दशकात ही कादंबरी घडते त्याच दशकाच्या सुरुवातीस, १८३१ साली, मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. आजही मराठीचा अभ्यास त्याच्याशिवाय पुढे जात नाही, इतका तो मोलाचा आहे. पण तोही शास्त्री-पंडितांना हाताशी धरून, कंपनी सरकारच्या गरजेसाठी झाला. महारवाड्यातले, मांगवाड्यातले किती शब्द त्या बैठकीत जाऊन बसू शकले असतील?

कुआंग यांचे आणखी एक प्रकरण नोंदवण्यासारखे आहे. २०२३ चा ह्यूगो पुरस्कार सोहळा चीनमधील चेंगदू येथे झाला. जानेवारी २०२४ मध्ये मतमोजणीचे तपशील बाहेर आले तेव्हा कळले की 'बॅबेल'ला भरपूर नामांकने मिळूनही 'अपात्र' ठरवले गेले होते. कारण दिलेले नव्हते. अमेरिकेत चिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखिकेला तिच्या जन्मभूमीत भरलेल्या सोहळ्यात ही वागणूक मिळाली. स्थलांतरिताची फाईल दोन्ही कचेऱ्यांत संशयितांच्या कपाटात असते.

भाषेचा प्रश्न निघाला की आमच्याकडे लगेच शुद्ध-अशुद्धाचा सोवळेपणा सुरू होतो. 'न' आणि 'ण' वरून माणसाची जात ओळखणारे लोक आजही आहेत. अशांनी नालो हॉपकिन्सन यांची 'मिडनाइट रॉबर' ही २००० सालची कादंबरी वाचावी. हॉपकिन्सन जमेकात जन्मल्या, त्रिनिदाद आणि गयानात वाढल्या, सोळाव्या वर्षी कॅनडातील टोरांटोत आल्या. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी मालकाच्या इंग्रजीची मोडतोड करून आपली बोली घडवली. तिला 'क्रिओल' म्हणतात, आणि साहेबाच्या शाळेत ती मोडकी इंग्रजी म्हणून हिणवली गेली. हॉपकिन्सन यांनी उद्याच्या काळातला एक अख्खा ग्रह कॅरिबियन लोकांनी वसवला. त्याचे नाव तूसाँ, हैतीच्या गुलाम-क्रांतीचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावरून. त्या ग्रहाचा कारभार पाहणाऱ्या महायंत्राचे नाव 'ग्रॅनी नॅनी', जमेकात मळ्यांतून पळालेल्या गुलामांची पुढारी नॅनी हिच्यावरून. आणि कथा सांगितली आहे त्याच 'मोडक्या' बोलीत. यानांना आज्ञा देणारी, कायदा सांगणारी भाषा तीच. हॉपकिन्सन यांना २०२१ साली अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने 'ग्रँड मास्टर' हा सर्वोच्च सन्मान दिला, तो मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

आम्हाला ही कादंबरी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. ती भाबडी नाही. मुक्त झालेल्या लोकांच्या या ग्रहावरून गुन्हेगारांना दुसऱ्या एका ग्रहावर कायमचे हद्दपार केले जाते. तेथे गेलेली माणसे तेथल्या मूळ रहिवाशांना आपल्यापेक्षा खालचे समजू लागतात. नायिका तान-तान हिला सर्वात मोठी इजा होते ती तिच्या बापाकडून. ज्यांनी बेड्या तोडल्या त्यांच्यातही नवी उतरंड कशी उगवते, हे इतक्या स्पष्टपणे आपल्या पोटजातींबद्दल आपण व्यासपीठावरून बोलतो काय?

मराठीतल्या ताज्या वादाकडे या नजरेने पाहा. एप्रिल २०२५ मध्ये शासनाने पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला, ओरड झाली, जूनच्या अखेरीस तो मागे घेतला. मराठी विरुद्ध हिंदी अशी दोन महिने लढाई झाली. त्या सगळ्या गदारोळात गोरबोली, कैकाडी, पारधी, भिली, गोंडी बोलत शाळेत येणाऱ्या लेकराची पहिली भाषा कोणती, हा प्रश्न कितीजणांनी विचारला? हॉपकिन्सन यांच्या धर्तीवर एखादा लेखक गोंडी बोलणारे अवकाशयान मराठीत आणील तेव्हा समीक्षक काय म्हणतील, याची आम्हाला उत्सुकता आहे.

भाषेवरून माणसाचा देश ठरवण्याचा प्रकार तर आता कल्पनेतला राहिलेला नाही. २०२५ साली दिल्ली, हरियाणा, ओडिशा, आणि आपल्या महाराष्ट्रातही, बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून धरण्यात आले. त्यांतले काही भारताचे नागरिक असल्याचे पुढे आले. दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात तर 'बांगलादेशी भाषा' असा शब्द वापरला गेला आणि बंगालमध्ये संताप उसळला. देशात कोठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क कलम १९ प्रत्येक नागरिकाला देते. त्या कलमात मातृभाषेची अट नाही.

बंगालशी आमचे नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेब घटना समितीत प्रथम निवडून गेले ते बंगालच्या विधिमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. पुढे फाळणी झाली. ज्या नमोशूद्रांनी बाबासाहेबांना हात दिला त्यांच्यातले लाखो लोक निर्वासित झाले. कोणी दंडकारण्यात टाकले गेले. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरातही बंगाली निर्वासितांची गावे आहेत. दंडकारण्यातून सुंदरबनच्या मारिचझापी बेटावर परतलेल्यांचे १९७९ साली काय झाले, ते डाव्या म्हणवणाऱ्या सरकारच्या नावावर कायमचे लिहिलेले आहे.

त्याच बंगालमधून, कोलकात्यातून, मिमी मंडल आल्या. आपली दलित ओळख न लपवता इंग्रजीत अद्भुतकथा लिहिणाऱ्या या लेखिकेची मातृभाषा बंगाली. २०१५ साली त्या ऑक्टेव्हिया बटलर यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवून सिएटल येथील 'क्लॅरियन वेस्ट' लेखन शिबिरात गेल्या. बटलर यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांचे आणि लेखांचे 'ल्युमिनेसंट थ्रेड्स' हे पुस्तक त्यांनी अलेक्झांड्रा पिअर्स यांच्यासोबत संपादित केले. त्याला २०१८ चा लोकस पुरस्कार मिळाला आणि ह्यूगोचे नामांकनही. भारतातून असे नामांकन मिळवणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांची नोंद झाली. २०१९ च्या त्यांच्या एका दीर्घकथेला नेब्युलाचे नामांकन होते. त्या कथेत फिरती सर्कस आहे, झुल्यावरचा कसरतपटू आहे, एक जिन आहे आणि देवस्थानातून पळून आलेली देवदासी आहे. देवदासी म्हटले की आपल्याकडे अहवाल, मोर्चा आणि व्याख्यान. ते हवेच. पण ती पळाली, तिच्या मागे देवताच लागली आणि सर्कशीच्या तंबूत तिला आसरा मिळाला, ही कल्पना करायला कोणी मनाई केली होती?

ज्यांच्या नावाची ती शिष्यवृत्ती, त्या ऑक्टेव्हिया बटलर (१९४७-२००६) काही बहुभाषिक नव्हत्या. पण आमच्या वाचकांना त्यांची ओळख पटकन पटेल. वडील बूट पॉलिश करणारे, आई गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणारी, मागच्या दाराने आत जाणारी. १९८३ च्या 'स्पीच साउंड्स' या कथेत रोगाने माणसांची वाचा आणि वाचनशक्ती हिरावली जाते, आणि ज्याला बोलता येते त्याला ते लपवावे लागते, नाही तर इतर त्याचा जीव घेतील. शिकलेला माणूस वस्तीत कसा डोळ्यांत खुपतो, हे आमचे लोक जाणतात. १९९३ च्या 'पॅरेबल ऑफ द सोअर'मध्ये त्यांनी २०२४ साल रंगवले: जळणारे कॅलिफोर्निया, हमरस्त्याने उत्तरेकडे पायी निघालेले लोंढे, आणि वाटेत जमलेल्या अनोळखी माणसांची नवी वस्ती. २०२० साली टाळेबंदीत मुंबई-नाशिक रस्त्याने चालत निघालेले लोक ज्यांनी पाहिले त्यांना हे पुस्तक वाचताना ग्रह-तारे आठवणार नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळचे आल्टाडेना आगीत होरपळले. बटलर यांचे दफन तेथेच झालेले आहे.

येथे सावधगिरीचा एक शब्द लिहिणे भाग आहे. स्थलांतर आणि ओळख या विषयांवर इंग्रजीत लिहिणारे भारतीय वंशाचे लेखक अमेरिकेत पुष्कळ झाले आहेत. त्यांपैकी अनेकांच्या कथांत नायकाचा वर्ण सतत दुखतो, आडनावाचा उच्चार चुकला की डोळ्यांत पाणी येते. पण याच नायकाच्या बॅगेतून जात सुखरूप परदेशी पोहोचली आहे, याचा पत्ता त्या कथांना नसतो. हिंदू माणूस जेथे जाईल तेथे जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल, या केतकरांच्या इशाऱ्याकडे बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात १९१६ सालीच लक्ष वेधले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले, आणि ते नाकारावे म्हणून जोर लावणारे कोण होते ते सर्वांना ठाऊक आहे. रामायण-महाभारताला अवकाशयान जोडून विकणाऱ्यांचे तर बोलायलाच नको. या गर्दीत चेन्नईच्या 'ब्लाफ्ट' प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा स्वतंत्र संग्रह इंग्रजीत काढला, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतील की हे पोट भरलेल्यांचे खेळ आहेत, आपल्या परंपरेत हे नाही. हे साफ चूक आहे. संत रविदासांचे बेगमपुरा काय आहे? दुःख नसलेले, कर नसलेले शहर, जेथे माणूस मनाला येईल तेथे फिरतो आणि त्याला कोणी अडवत नाही. पाचशे वर्षांपूर्वी एका चर्मकाराने कलम १९ कल्पिले होते. मिनियापोलिसला जन्मून कासेगावात आयुष्य घालवलेल्या, मराठीत सभा गाजवणाऱ्या गेल ऑम्वेट यांनी २००८ साली आपल्या ग्रंथाला त्याच शहराचे नाव दिले, ते उगाच नव्हे. आणि 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणणारी आमची आई उद्याचीच कथा सांगत होती.

मराठी विज्ञानकथेची परंपराही लहान नाही. डॉ. जयंत नारळीकर कोल्हापूरला जन्मले, बनारसला हिंदी माध्यमात शिकले, केंब्रिजला गेले आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत लिहीत राहिले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि अक्षर ओळखू नये म्हणून ती मंगलाताईंच्या हातून लिहवून घेतली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. अंधश्रद्धेविरुद्ध ते नरेंद्र दाभोलकरांच्या सोबत उभे राहिले, हे आम्ही विसरणार नाही. त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'वामन परत न आला'. फुल्यांच्या 'गुलामगिरी'तला बळीराजा ज्यांच्या मनात आहे त्यांना हे नाव वाचून वेगळेच काही सुचेल! पण त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेक मराठी विज्ञानकथांतली माणसे प्रयोगशाळेतून थेट दिवाणखान्यात जातात. वाटेत वस्ती लागत नाही. ती वाट आमच्या मुलांनी लिहायची आहे. आज आमची मुले पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत आहेत, घरी एक मराठी, कचेरीत इंग्रजी, भाड्याच्या खोलीत कन्नड-तेलुगू ऐकतात, आडनाव विचारले की क्षणभर थांबतात. कथा त्यांच्या खिशात आहे.

कोठून सुरुवात करावी असे विचारणाऱ्यांना आम्ही एक जुने नाव सुचवतो. रुकैया सखावत हुसेन. १८८० साली रंगपूर जिल्ह्यात जन्म. घरात उर्दूचा मान, बंगाली आणि इंग्रजी शिकायला मनाई. त्या दोन्ही त्यांनी बहीण-भावांच्या मदतीने लपून शिकल्या. १९०५ साली त्यांनी इंग्रजीत 'सुलतानाज ड्रीम' लिहिली आणि ती मद्रासच्या मासिकात छापून आली. त्यात स्त्रियांचे राज्य आहे, पुरुष घरात कोंडलेले आहेत, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी काढले जाते. एवढे अनेकांनी वाचलेले असते. वकील म्हणून आमची नजर दुसरीकडे जाते. त्या राज्यावर युद्ध का ओढवते? शेजारच्या राजाच्या देशातून राजकीय कारणाने काही माणसे पळून आश्रयाला येतात. राजा त्यांना परत मागतो. राणी म्हणते, आश्रयाला आलेल्यांना आम्ही परत देत नाही. १९५१ चा निर्वासितांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार होण्याआधी सेहेचाळीस वर्षे हे लिहिले गेले. त्या करारावर भारताने अजूनही सही केलेली नाही.

बटलर यांच्या पुस्तकांवर आपल्या कायद्याप्रमाणे २०६६ अखेरपर्यंत हक्क आहेत, भाषांतर करायचे तर पत्र लिहून परवानगी मागावी लागेल. लियू, कुआंग, हॉपकिन्सन, मंडल यांच्याबाबतही तेच, आणि परवानगीशिवाय कोणी भाषांतर छापू नये असे आम्ही बजावून सांगतो. रुकैया १९३२ साली गेल्या. त्यांच्या लेखनावरचे हक्क केव्हाच संपले आहेत. कथा लहान आहे, १४ एप्रिलच्या विशेषांकात सहज बसेल.